दिवाबत्तीची जमीन

मोजणीला गेलेला माणूस कुठल्याही शिवारात उतरला की दोन गोष्टी विचारतो. हद्द कुठून कुठवर, आणि वहिवाट कुणाची. हद्दीचं उत्तर नकाशात मिळतं. वहिवाटीचं उत्तर माणसांकडून घ्यावं लागतं: कोण कुठून बैलगाडी नेतो, कुठल्या विहिरीचं पाणी कोण घेतो, कुठल्या बांधावरून बाया देवाला जातात. मी भूकरमापक होतो. सगळी नोकरी मराठवाड्यात गेली आणि तिच्यातला मोठा हिस्सा औरंगाबाद अन् खुलताबाद या दोन तालुक्यांत. या भागातले दरवाजे, कबरी आणि त्यांना जोडणारा रस्ता मी याच दोन प्रश्नांच्या अंगाने बघत आलो. जुनी वास्तू जपायची म्हणून आपल्याकडे जे काही होतं, त्यात हद्द पक्की आखलेली असते. कुंपण येतं, फलक येतो, कायद्याचं कलम येतं. तिथून येणाऱ्या-जाणाऱ्यांची आणि तिथे झाडू मारून दिवा लावणाऱ्या हाताची तजवीज मात्र कुणी करत नाही. पूर्वी ती होती, आणि लेखी होती. त्याबद्दल लिहायचं आहे.

शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. जुन्या कागदांबद्दल लिहिताना मी त्या त्या काळचं नाव वापरतो, कारण या शहराने नावं बरीच पाहिली. आधी हे खडकी नावाचं गाव. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने विकत घेतलेला आणि पुढे त्याच निजामशाहीचा आधार झालेला मलिक अंबर, त्याने १६१० साली इथे नवं शहर वसवायला घेतलं. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, त्याचं फतेहनगर केलं. १६५३ साली शहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन पुन्हा आला आणि औरंगाबाद झालं.

मलिक अंबरचं शहर मला पहिल्यांदा कळलं ते हर्सूलच्या बाजूच्या शिवारात. साखळी टाकता टाकता मध्येच दगडी बांधकामाचं तोंड लागायचं. विहीर म्हणावी तर फार अरुंद, आणि आत वाकून पाहिलं तर खाली वाहत्या पाण्याचा आवाज. ती नहर-ए-अंबरी. उत्तरेच्या डोंगरउतारावर जमिनीत झिरपणारं पाणी भुयारी नळातून गोळा करून, उताराच्या जोरावर शहरात आणलेलं. त्याच धर्तीवर पुढे आणखी नहरी झाल्या, थत्ते हौदाला पाणी देणारी त्यातलीच एक. पाणचक्कीवरचं जातं फिरलं तेही अशाच पाण्यावर, आणि तिथल्या हौदात उंच भिंतीवरून पडणारं पाणी शहरातल्या प्रत्येकाने लहानपणी तोंड वर करून पाहिलेलं आहे. शिवारातली ती तोंडं एक एक करून बुजत गेली. कुणी त्यांवर पाया घातला, कुणी मुरूम टाकून सपाटी केली. नकाशावर नहर रेघ म्हणून उतरलीच नव्हती, त्यामुळे कुणाला अडवायचं तर कागदाचा आधार नव्हता.

शहरातल्या पुऱ्यांची नावं या काळाची साक्ष देतात. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही अंबरच्या पदरच्या मराठे सरदारांच्या नावावरून पडली असं सांगतात. मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी. नंतर मोगलांबरोबर राजपूत आले, त्यांचे कर्णपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा. बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे असा या शहराचा लौकिक आहे. दरवाजे म्हणताना त्यात लहानमोठ्या दिंड्या, पुऱ्यांच्या वेशी, बागांची दारं सगळं धरलेलं असावं. आज उभे असलेले मोजायला गेलं तर आकडा विसापर्यंतही जात नाही.

त्यांतला सगळ्यांत जुना आणि थोराड तो भडकल दरवाजा. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून अंबरने तो १६१२ मध्ये बांधला. तटबंदीशी त्याचा संबंध नाही, कारण तटबंदी त्यानंतर सत्तर वर्षांनी आली. औरंगजेब मराठ्यांचा मोड करायला स्वतः दक्षिणेत उतरला आणि १६८२ मध्ये शहराभोवती कोट घातला गेला. दिल्ली, जालना, पैठण, मक्का ही चार दिशांच्या वाटांची चार मोठी दारं. मक्केच्या दिशेच्या दाराला आम्ही सगळे मकाई दरवाजा म्हणतो. कोट मराठ्यांच्या धास्तीने बांधला होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. या शहराचे दरवाजे पाहताना आपल्याकडचे कित्येक लोक ते परक्यांचे म्हणून तोंड फिरवतात. ज्याच्या भीतीने भिंत बांधावी लागली त्याचं नाव त्या भिंतीच्या दगडात आहेच की.

दरवाजा म्हणजे काय, हे त्याच्या दगडातच लिहिलेलं असतं. एका दरवाज्यात, कमानीच्या आतल्या अंगाला जोत्याशी, मूठ मावेल एवढी गोल खोबण आहे. लाकडी दाराचा खालचा खुंट तिच्यात बसायचा आणि दार त्यावर फिरायचं. दार कधीच गेलं. पण खोबणीत बोट घालून फिरवलं तर आतला दगड काचेसारखा गुळगुळीत लागतो, आणि एका बाजूला थोडा जास्त झिजलेला. म्हणजे दाराचा भार त्या बाजूला पडत होता. रोज संध्याकाळी ओढून लावलेलं आणि पहाटे उघडलेलं दार, शंभर-दोनशे वर्षं, तेव्हा कुठे दगड असा होतो. दाराच्या दोन्ही अंगांना देवड्या आहेत. तिथे पहारेकरी बसायचा, तिथेच येणाऱ्या मालावर जकात घेतली जायची. देवडीतली जमीन फरसबंद, कोपऱ्यात कोनाडा, कोनाड्याच्या माथ्यावर काजळी. तो कोनाडा दिव्याचा. पहारेकऱ्याचा पगार, दिव्याचं तेल, दाराचं वंगण यांचा खर्च चालायचा तो त्याच दारातून होणाऱ्या ये-जेवर.

मोटारी आल्या, रस्ते रुंद झाले, तेव्हा सोपा उपाय निघाला. दरवाजा मध्ये ठेवायचा आणि रस्ता दोन्ही बाजूंनी काढायचा. त्यासाठी दोन्हीकडची तटबंदी पाडावी लागली. दिल्ली दरवाजा असाच उभा आहे. पैठण दरवाज्याभोवती बाजार आहे. कापड, मोबाइल, पार्किंग, आणि मधोमध कमान. ही सोय करणाऱ्यांनी दरवाजे पाडले नाहीत, याबद्दल मी त्यांना दुवा देतो. पण कमानीखालून माणूस जायचा थांबला की तिची वहिवाट मोडली. पुढे काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तिथे हातगाड्या लागतात, पोस्टर डकवली जातात, कमानीवर पिंपळ रुजतो आणि त्याची मुळं चुन्यात शिरतात. पिंपळाचं रोप पहिल्या वर्षी दोन बोटांनी उपटता येतं. दहा वर्षांनी त्याला काढायचं तर दगड खिळखिळा होतो. पहिल्या वर्षी ते बघणारा माणूस कोण, हा खरा सवाल आहे.

उलट बाजूही आहे. मकाई, महमूद आणि बारापुल्ला हे तीन दरवाजे खाम नदीच्या पुलांवर उभे आहेत. त्यांच्यातून वाहतूक चालूच राहिली. बैलगाड्या अन् टांग्यांसाठी बांधलेल्या पुलावरून बसेस, ट्रक, पाण्याचे टँकर. पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा शेवटी इतका मोडकळीला आला की तो बंद ठेवून दुरुस्त करावा लागला. स्मार्ट सिटीच्या कामात इतरही काही दरवाज्यांची डागडुजी झाली, चुन्यात, जुन्या पद्धतीने, आणि ती चांगली झाली. माझं म्हणणं असं की शेजारी नवा पूल हवाच, जड वाहतूक तिकडून जावी. पण दारातून पायी माणूस, सायकल, शाळेची पोरं जात राहिली पाहिजेत. दुरुस्त करून साखळी लावलेला दरवाजा पाचएक वर्षांत पुन्हा जुना होतो.

आता शहराबाहेर पडू. नगर नाक्यावरून छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, दौलताबाद, घाट चढून खुलताबाद आणि पलीकडे उतरून वेरूळ. खुलताबादपर्यंत पंचवीसेक किलोमीटर. महाराष्ट्रात देखणे रस्ते पुष्कळ आहेत. पण इतक्या थोड्या अंतरात इतका काळ पसरलेला दुसरा रस्ता मला ठाऊक नाही. शहर नव्हतं तेव्हाही ही वाट होती. पैठणचे एकनाथ महाराज लहान वयात गुरूच्या शोधात देवगिरीला गेले, ते याच मुलुखातून. त्याच्या दोनशे वर्षं आधी, १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवली आणि गावाचं दौलताबाद केलं. त्यानंतर काही वर्षांनी आलेल्या इब्न बतूताने दिल्ली ते दौलताबाद चाळीस दिवसांची मजल सांगितली आहे, आणि सगळ्या वाटेवर दुतर्फा झाडं अशी होती की बागेतून चालल्यासारखं वाटावं, असं नोंदवलं आहे.

छावणीत इंग्रजांचं जुनं कब्रस्तान आहे. हैदराबाद कंटिंजंट, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रजांनी ठेवलेली फौज, तिचे अधिकारी, त्यांच्या बायका, आणि फार लहान वयात गेलेली मुलं. १८५७ मध्ये याच कंटिंजंटच्या घोडदळातले शिपाई उठले, आणि पकडलेल्यांना आज ज्याला क्रांती चौक म्हणतात तिथल्या काळ्या चबुतऱ्यावर मारण्यात आलं. मारणाऱ्यांच्या कबरींवर नावं आहेत, मेलेल्या शिपायांच्या नाहीत. मला दोन्ही जागा एकाच नकाशात हव्या आहेत. एक पुसली की दुसरीचा अर्थ लागत नाही.

दौलताबादजवळ रस्ता किल्ल्याच्या बाहेरच्या कोटातून, अंबरकोटातून जातो. तिथला दिल्ली दरवाजा अजून खराखुरा दरवाजा आहे, म्हणजे वेरूळला जाणारी गाडी त्याच्या कमानीखालून जाते. एका वेळी एकच. मोठी सुटी असली की दोन्हीकडे रांगा लागतात, कंडक्टर खाली उतरून हात करतो, आणि एखादा ट्रक कमानीला घासून जातो. इथेही वळणरस्ता हवा हे उघड आहे. तो होईल तेव्हा या दाराचा पैठण दरवाजा होऊ नये.

कोटाच्या आत, किल्ल्याच्या पायथ्याशी चांद बोधले यांची समाधी आहे. तिला दर्गाही म्हणतात. जनार्दनस्वामींचे ते गुरू असं परंपरा मानते. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, एकनाथांचे गुरू, त्यांची समाधी वर किल्ल्यात. म्हणजे नाथांच्या भागवताच्या मागे दोन समाध्या आहेत, एक खाली आणि एक वर, आणि खालचीवर चादर चढते. नाथषष्ठीला पैठणला जाणाऱ्या फार थोड्या लोकांना हे माहीत असतं. शाळेच्या सहली किल्ल्यावर येतात, अंधारी नावाच्या काळोख्या भुयारातून मेणबत्ती घेऊन जातात, चिनी महाल पाहतात. त्या महालात गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशाह, तानाशाह, १६८७ पासून मरेपर्यंत कैदेत होता. त्याचीही कबर पुढे खुलताबादेतच आहे.

घाटाच्या अलीकडे कागजीपुरा. हाताने कागद बनवणारी वस्ती, तुघलकाच्या वेळेपासूनची असं तिथले लोक सांगतात. मला या गावाचं जास्त अप्रूप आहे, कारण आमच्या दप्तरातले सनदांचे जुने कागद मी हाताळले आहेत. चांगला हातकागद तीनशे वर्षांनी हातात घेतला तरी घडीवर फाटत नाही. गिरणीचा कागद पन्नास वर्षांत पापडासारखा मोडतो म्हणतात, तेही खोटं नाही. या रस्त्याकडेला सीताफळं अन् पेरू घेऊन बायका बसतात, त्यांच्या पाटीमागे एखादा जुना वड असतो. रस्तारुंदीच्या नकाशात वडाला क्रमांक मिळतो, आणि क्रमांक मिळालेलं झाड बहुधा जातं.

घाट चढून वर आलं की हवा बदलते. खुलताबाद आधी रोजा म्हणून ओळखलं जाई. तेराव्या शतकाच्या शेवटापासून इथे दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियांचे शिष्य येऊन राहिले. सातशे पालख्या घेऊन आले, अशी लोककथा आहे. मुंतजबुद्दीन, ज्यांना सगळे जर जरी जर बक्ष म्हणतात, बुऱ्हानुद्दीन गरीब, झैनुद्दीन शिराझी. त्यांच्या जवळ पुरलं जावं म्हणून नंतरची माणसं आली, राजे आले, कवी आले. निजामुद्दीन अवलियांची वचनं लिहून ठेवणारा कवी अमीर हसन सिजझी इथे आहे. पाणचक्कीच्या तकियात राहिलेले आझाद बिलग्रामी, अरबी-फारसीचे मोठे पंडित, त्यांनी हयातीतच इथे आपल्या कबरीची जागा घेऊन ठेवली आणि १७८६ मध्ये तिथे विसावले. हैदराबादचा पहिला निजाम आसफजाह आणि त्याचा मुलगा नासिरजंग बुऱ्हानुद्दीनांच्या दर्ग्यात. औरंगजेबाने गावाला कोट घातला. नगारखाना, पांगरा, लंगडा, मंगळपेठ, कुणबी आळी, हमदादी असे दरवाजे आणि आझमशाही नावाची एक दिंडी. कुणबी आळीचा दरवाजा, हे नाव मला फार आवडतं. बादशहाच्या कोटाला कुणब्यांच्या गल्लीचं नाव.

आता जमिनीकडे येतो. निजामाच्या अमलातल्या दप्तरात इनामांचे दोन प्रकार फार वेळा भेटायचे. मदतमाश, म्हणजे माणसाच्या उदरनिर्वाहाला दिलेली जमीन. आणि खिदमतमाश, म्हणजे सेवेच्या अटीवर दिलेली. खिदमतमाश दर्ग्याला असे, मशिदीला असे, तशीच महादेवाला अन् मारुतीलाही असे. कागदात सेवा लिहिलेली असायची. दिवाबत्ती, झाडलोट, फुलं, कुराणपठण, नौबत, पूजाअर्चा, नंदादीप. जमीन ज्याने कसायची त्याने त्या उत्पन्नातून हे करायचं. सेवा चुकली तर चौकशी, आणि चौकशीला सरकारचं धर्मखातं, उमूर-ए-मजहबी. हा जपणुकीचा बंदोबस्त होता, आणि तो एका माणसाच्या नावावर, एका शेताच्या हद्दीत, एका कामाला बांधलेला होता. पुरातत्त्व खातं त्याच्या फार नंतरचं. हैदराबाद संस्थानाने ते १९१४ मध्ये काढलं, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले, आणि अजिंठा-वेरूळच्या बाबतीत त्या खात्याने केलेलं काम आजही मान लववून वाचावं असं आहे. पण खातं येण्याच्या आधी पाच-सहाशे वर्षं या कबरी ज्या टिकल्या, त्या दिव्याच्या तेलाला लावून दिलेल्या एकरा-दोन एकरांवर.

एकदा अशाच एका तुकड्याच्या पोटहिश्श्याची मोजणी होती. जमीन एका लहान कबरीच्या दिवाबत्तीची. कबर कुणाची ते कागदात नव्हतं, फक्त ‘बुजुर्ग’ एवढंच. धारकाच्या सहा वारसांना सहा हिस्से पाडून हवे होते. थोरला, सत्तरीच्या घरातला, आमच्याबरोबर बांधाबांधाने फिरला. शंकू साखळी तेहेतीस फुटांची, तिचे सोळा आणे; त्याला हे सगळं पाठ होतं. सगळे हिस्से पडले, खुणा रोवल्या, आणि मग त्याने मला कबरीपाशी नेलं. पत्र्याचा डबा उघडून दाखवला. आत तेलाची बाटली, वाती, आगपेटी. म्हणाला, “साहेब, जमिनीचे सहा वाटे तुम्ही बरोबर पाडले. ह्याचे कसे पाडायचे?” मला उत्तर देता आलं नाही. सेवा त्याच्याकडेच राहिली. पोरं शहरात कामाला होती. तो गेल्यावर डब्याचं काय झालं, ते मी विचारायला गेलो नाही.

१९४८ ला संस्थान गेलं, १९५४ च्या कायद्याने इनामं संपवायला सुरुवात झाली. मदतमाश गेली ती जायलाच हवी होती; हजारो कुळांना त्यामुळे जमीन मिळाली, आणि मी त्याच्या बाजूचा माणूस आहे. सेवेची इनामं निराळी धरली गेली. पण जमिनीचा भाव जसा वाढला तसा सेवेचा धागा झिजला. शहराजवळच्या इनाम जमिनींवर प्लॉट पडले, दावे लागले, आणि दाव्यांच्या फायलींत सगळं सापडायचं, दिवाबत्तीचा उल्लेख सोडून. आपण इनाम हा प्रकार सरंजामी म्हणून मोडीत काढला तेव्हा त्यातला दिवा बाजूला काढून ठेवायला हवा होता. ते काम त्या वेळी कुणाला महत्त्वाचं वाटलं नाही.

याचा परिणाम खुलताबादेत डोळ्यांनी दिसतो. जर जरी जर बक्षच्या दर्ग्यात उरूस भरतो, झैनुद्दीनांच्या दर्ग्यात बारा रबिउल अव्वलला पैगंबरांचा पोशाख दर्शनाला ठेवतात, हजारो माणसं येतात. तिथे चुना आहे, दिवे आहेत, झाडू आहे. दर्ग्यापासून हाकेच्या अंतरावर मलिक अंबरचा मकबरा आहे. १६२६ मध्ये तो ऐंशीच्या घरात असताना वारला. शेजारी बीबी करीमा, त्याची बायको. काळ्या दगडाची भक्कम इमारत, वर घुमट. दर्ग्याकडे गर्दी असते त्या दिवशीही इथे कुणी नसतं. ज्याने या शहराला पाणी दिलं, शहाजीराजे ज्याच्या लष्करात भातवडीला १६२४ मध्ये लढले, त्यांचे भाऊ शरीफजी जिथे पडले, ज्याच्याकडून गनिमी काव्याचे धडे दख्खनने घेतले, तो. संत नव्हता म्हणून उरूस नाही, आणि वंश पुढे राज्यावर राहिला नाही म्हणून सनद नाही. वेरूळची भोसल्यांची गढी इथून फार तर पाच किलोमीटर. गढी पाहायला येणाऱ्या एस.टी. भरभरून सहली घाट उतरून जातात. त्यांनी वाटेत अर्धा तास अंबरपाशी थांबावं, एवढं तरी शाळांनी ठरवावं.

औरंगजेबाच्या कबरीबद्दल आज लिहायचं तर लोक आधी बाजू विचारतात. माझी बाजू सांगतो. १६८२ मध्ये तो दख्खन जिंकायला आला, आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मेला. दिल्लीला परत गेला नाही. पंचवीस वर्षं बादशाही खजिना आणि फौज इथल्या डोंगरांत जिरली. त्याची कबर उघड्यावर आहे, छत नाही, वर मातीत सब्जा. संगमरवर भोवती आला तो लॉर्ड कर्झनच्या सूचनेनंतर. शंभुराजांना ज्याने हालहाल करून मारलं त्याच्याबद्दलचा राग माझ्याही घरात आहे. पण मराठ्यांनी काय केलं याचा दगडी पुरावा जर कुठे असेल तर तो या मातीच्या चौकोनात आहे. बादशहा इथेच राहिला. मोजणीत जिंकलेल्या पक्षाने हद्दीची निशाणी कधी उपटायची नसते, ती त्याच्याच कामाची असते.

या सगळ्यात एक दरवाजा असा आहे की ज्याला कुठल्याही सनदेची गरज पडली नाही. मराठवाडा विद्यापीठाचं प्रवेशद्वार. विद्यापीठ १९५८ चं. १९७८ मध्ये त्याला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव झाला, त्यानंतर मराठवाड्यात घरं जळली, माणसं मेली, आणि सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. तेव्हापासून दर १४ जानेवारीला लाखो लोक त्या दाराशी येतात. पायरीला हात लावून कपाळाला लावतात. लेकरांना कमानीखालून पलीकडे नेतात, कारण त्यांच्या आज्याला त्या दारापर्यंत येता आलं नव्हतं. पुस्तकांचे स्टॉल लागतात, भीमगीतं होतात. त्या दाराच्या दगडांचं वय कुठल्याही पुरातत्त्व कायद्यात बसणार नाही, आणि तरी ते या शहरातलं सगळ्यांत सुरक्षित दार आहे. भडकल दरवाज्याचंही तसंच झालं. तिथे बाबासाहेबांचा पुतळा आला, जयंतीला मिरवणुका तिथे येतात, आणि चारशे वर्षांपूर्वीची अंबरची कमान आज शहराच्या ओळखीची जागा आहे. दोन्हीकडे माणसांनी येऊन वहिवाट घातली.

कायदा काय देतो ते सांगतो. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामबंदी आणि पुढे दोनशे मीटर परवानगीचं क्षेत्र, हे २०१० च्या दुरुस्तीने कायद्यातच आलं. राज्याचा स्वतःचा कायदा १९६० चा आहे. दोन्ही हवेतच. पण दोन्ही वास्तूभोवती वर्तुळ काढतात. रस्ता वर्तुळात मावत नाही. नहर मावत नाही. विखुरलेल्या दोन-तीनशे निनावी कबरी मावत नाहीत, आणि घाटाचा जुना फरसबंद तुकडाही मावत नाही.

श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला शहरातून हजारो माणसं रात्रभर चालत खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला जातात. निजलेला मारुती. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, पहाटे घाट चढायचा. वाटेत मंडळं चहा देतात, साबुदाणा देतात. कॉलेजची पोरं, भाजीवाल्या, अनवाणी म्हातारे, वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांतून पाळी संपवून आलेले कामगार. अंधारात दौलताबादच्या कमानीखालून ही माणसं जातात तेव्हा ते दार ज्यासाठी बांधलं त्याच कामाला लागलेलं असतं. रस्ता आता रुंद झाला, गाड्या वेगाने येतात, आणि चालणारा कडेच्या खडीत ढकलला जातो. दरवर्षी अपघाताची बातमी येते.

म्हणून माझी मागणी माझ्या धंद्याच्या भाषेत आहे. आमच्या गावनकाशांत पायमार्ग एकेरी तुटक रेघेने दाखवतात आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. नगर नाक्यापासून भद्रा मारुतीपर्यंत तशी एक रेघ मोजणी करून आखावी, वडांच्या सावलीतून, दौलताबादच्या दारातून, घाटाच्या जुन्या फरशीवरून, आणि मलिक अंबरच्या मकबऱ्याला तिचा एक फाटा असावा. नहरीची उरलेली तोंडं याच मोजणीत नोंदवावीत. आणि प्रत्येक दरवाज्यामागे, प्रत्येक बेवारस मकबऱ्यामागे एका स्थानिक माणसाला मानधन लावावं; काम लेखी असावं: पिंपळाचं रोप उपटणं, झाडलोट, दिवाबत्ती. नेमणुकीच्या कागदात त्याचं नाव, वास्तूचं नाव आणि कामाची यादी, तिन्ही एकाच ओळीत असावीत, जुन्या सनदेत असायची तशी.